नाव एकाचं, आवाज अनेकांचे: रॅपचा सोलो अल्बम समजून घेताना

एखाद्या रॅपरचा पहिला सोलो अल्बम आला की त्याचे चाहते उत्साहात असतात आणि घरातली बाकीची मंडळी गोंधळात. गाण्यांची यादी उघडावी तर निम्म्याहून अधिक गाण्यांपुढे 'फीट.' ('फीचरिंग', म्हणजे सोबतीला) असं लिहून आणखी एक-दोन नावं दिलेली. एखाद्या गाण्यात तर ज्याचा अल्बम आहे त्याचाच आवाज शोधावा लागतो. मग हा त्याच्या एकट्याचा अल्बम कसा?

आपल्याकडे भावगीतांच्या कॅसेटवर एका गायकाचा फोटो असायचा आणि आत तोच गायचा. त्या सवयीनं पाहिलं तर प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी मी एकच अल्बम उलगडून दाखवणार आहे: न्यूयॉर्कच्या रेक्वॉन या रॅपरचा 'ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स', १ ऑगस्ट १९९५ रोजी आलेला. हा त्याचा पहिला सोलो अल्बम, आणि तरी मुखपृष्ठावर त्याच्या नावासोबत दुसऱ्या रॅपरचं नाव ठळक छापलेलं आहे. पाहुण्यांचा प्रश्न इतक्या उघडपणे समोर ठेवणारा दुसरा अल्बम मला माहीत नाही.

आधी गाणं कसं बनतं ते पाहू

रॅपच्या गाण्याचे मुख्य भाग तीन. शब्दांच्या खाली वाजणारं सगळं संगीत, म्हणजे ठेका, बेस, सुरावट, मिळून 'बीट'. त्यावर रॅपर बोलतो तो सलग तुकडा म्हणजे 'व्हर्स'. आणि दोन व्हर्सच्या मध्ये परत परत येणारा भाग म्हणजे 'हूक', आपल्या ध्रुवपदासारखा. बीट बनवणाऱ्याला प्रोड्यूसर म्हणतात. हिंदी सिनेमातला पैसे घालणारा निर्माता तो वेगळा. हा जवळपास संगीतकारच असतो. जुन्या रेकॉर्डमधला एखादा तुकडा उचलून तो नव्या बीटमध्ये बसवला, तर त्या तुकड्याला 'सॅम्पल' म्हणतात.

व्हर्स साधारण सोळा आवर्तनांची असते. मध्यम लयीत ती पाऊण मिनिटात संपते. एका गाण्यात अशा दोन-तीन व्हर्स मावतात. म्हणजे पाहुण्याला बोलावलं तर त्याच्या वाट्याला पाऊण मिनिट येतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिनेमातल्या गाण्यात गीतकार एक, गायक दुसरा. रॅपमध्ये जो बोलतो तोच सहसा लिहितो. दुसऱ्यानं लिहून दिलेलं म्हणणं या कलेत कमीपणाचं मानलं जातं. त्यामुळे पाहुणा नुसता गळा घेऊन येत नाही, स्वतःची कविता घेऊन येतो. यजमानाच्या शेजारी, त्याच बीटवर, त्याच विषयावर त्याची कविता ऐकली जाणार असते. कोण सरस हे ऐकणारा लगेच ठरवतो. म्हणून पाहुणा बोलावणं म्हणजे मदत घेणं जितकं, तितकंच आव्हान घेणं.

नऊ माणसं आणि एक वेगळा करार

रेक्वॉन 'वू-टँग क्लॅन' या नऊ जणांच्या गटातला. न्यूयॉर्कमधलं स्टॅटन आयलंड हे या गटाचं घर. शहराच्या पाच भागांतला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. रेक्वॉन तिथल्या पार्क हिलच्या वस्तीतला आणि गटातलाच घोस्टफेस किलाह हा रॅपर स्टेपलटनच्या. गटाचा पहिला अल्बम नोव्हेंबर १९९३ मध्ये 'लाउड' या कंपनीनं काढला. गटाचा सूत्रधार आणि प्रोड्यूसर होता रिझा.

रिझानं जो करार केला त्यावर या सगळ्या गोष्टीचा पाया आहे. एरवी कंपनी गट घेते तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला वेगळंही बांधून ठेवते. उद्या कोणी एकटा गायला निघाला तर त्याचा अल्बमही त्याच कंपनीला मिळावा म्हणून. रिझानं ते मान्य केलं नाही. गट लाउडकडे राहील, पण प्रत्येक जण सोलो अल्बमसाठी हव्या त्या कंपनीकडे जाईल, अशी मुभा त्यानं मिळवली. मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल डर्टी बास्टर्ड एलेक्ट्राकडे, जिझा गेफनकडे. रेक्वॉन लाउडमध्येच राहिला. १९९४ च्या अखेरीपासून दोन वर्षांत या पाच जणांचे पाच अल्बम आले (पाचवा घोस्टफेसचा, १९९६ चा), आणि सगळ्यांच्या बीट मुख्यतः रिझाच्या.

परिणाम काय झाला? मेथड मॅनच्या अल्बमवर रेक्वॉन बोलला की डेफ जॅमच्या पैशानं रेक्वॉनची ओळख वाढायची. एका कंपनीची जाहिरात दुसऱ्या कंपनीच्या कलाकाराला उपयोगी पडायची, आणि सगळ्यांची मिळून वू-टँगला. पाहुणे असणं हा या योजनेचा कणाच होता. जून १९९७ मध्ये गटाचा दुसरा अल्बम आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि तो अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पाच वेगवेगळ्या वाटांनी जमवलेले ऐकणारे तिथे एकत्र आले होते.

या व्यवस्थेची किंमतही होती. सगळ्यांचं संगीत एकाच माणसाच्या तळघरातल्या स्टुडिओत बनत होतं. तिथे पाणी शिरलं आणि साठवलेल्या कित्येक बीट वाया गेल्या. इन्स्पेक्टा डेक या गटातल्या अत्यंत ताकदीच्या रॅपरला त्याचा मोठा फटका बसला. त्याचा पहिला सोलो अल्बम यायला १९९९ उजाडलं. तोवर तो इतरांच्या अल्बमवर एकाहून एक व्हर्स देत राहिला. पाहुणा म्हणून एवढा गाजलेला आणि यजमान म्हणून एवढा उशीर झालेला दुसरा माणूस सापडणं कठीण. मला त्याच्याबद्दल आजही हळहळ वाटते.

जांभळी कॅसेट

आता अल्बमकडे. क्यूबन लिंक म्हणजे जाड, एकमेकांत घट्ट अडकवलेल्या कड्यांची सोनसाखळी. अल्बमची पहिली कॅसेट जांभळ्या प्लॅस्टिकची होती. दुकानातल्या काळ्या-पांढऱ्या कॅसेटींमध्ये ती लांबूनच ओळखू यायची, आणि आजही जाणकार या अल्बमला 'पर्पल टेप' म्हणतात.

अल्बमची रचना सिनेमासारखी आहे. मुखपृष्ठावर घोस्टफेसचं नाव सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'पाहुणा कलाकार' लिहितात तसं, 'गेस्ट स्टारिंग' म्हणून आलं आहे. रेक्वॉन नायक, घोस्टफेस जोडीदार, रिझा दिग्दर्शक. गाण्यांच्या मधे हाँगकाँगच्या 'द किलर' या १९८९ च्या चित्रपटातले संवाद पेरले आहेत. सुरुवातीला दोन मित्र बोलतात: या धंद्यातून बाहेर पडायचंय, पण हातात काहीतरी घेऊन पडायचंय. पुढची दीड डझनभर गाणी या बोलण्यातून निघतात.

घोस्टफेस इतक्या गाण्यांत आहे की काही जण हा दोघांचाच अल्बम मानतात. 'क्रिमिनॉलॉजी' या गाण्यात तर सुरुवातच तो करतो. त्याचा आवाज वरच्या पट्टीतला, भांडायला उभा राहिल्यासारखा. रेक्वॉन त्यामानानं शांत, खालच्या सुरात, कोपऱ्यात उभा राहून एखाद्याला सगळं बारकाईनं सांगावं तसा. घोस्टफेसच्या पाठोपाठ रेक्वॉन आला की त्याचा संयम ऐकू येतो. सगळा अल्बम तो एकटाच बोलला असता तर तो संयम सपाट वाटला असता.

एक छोटी जागा खास सांगावीशी वाटते. 'ग्लेशियर्स ऑफ आइस' हे गाणं सुरू होण्याआधी घोस्टफेस क्लार्क्स कंपनीच्या वॉलबी बुटांबद्दल बोलत असतो, ते दोन रंगांत कसे रंगवून घ्यायचे याबद्दल. किती गंभीरपणे बोलतो! गाण्याशी त्याचा वरवर काही संबंध नाही. पण त्या बोलण्यातून ती पोरं दिसतात: जवळ फार काही नाही, म्हणून जे आहे ते दुसऱ्या कोणाजवळ नसेल असं करून घ्यायची धडपड. हा प्रसंग रेक्वॉनचा नाही, पाहुण्याचा आहे. तो आपल्या अल्बमवर राहू देणं हा मात्र रेक्वॉन आणि रिझाचा निर्णय.

'सगळं खरं, पण मग हा एकट्याचा कसा?'

वारकरी कीर्तन आठवा. महाराज उभे असतात, मागे टाळकऱ्यांची रांग, मृदंगी, विणेकरी. मधेच एखादा गायक चाल उचलतो आणि मंडप हलवून सोडतो. तेवढा वेळ महाराज गप्प उभे असतात. तरी दुसऱ्या दिवशी गावात 'काल अमक्या महाराजांचं कीर्तन झालं' असंच म्हणतात, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही. कारण अभंग कोणता घ्यायचा, चाल कुठे उचलू द्यायची, कुठे थांबवायची आणि निरूपण कुठे न्यायचं हे महाराजांनी ठरवलेलं असतं.

सोलो अल्बमचं तसंच आहे. विषय ज्याचा, आणि कोण केव्हा बोलणार हे ज्याच्या मर्जीनं ठरतं, त्याचा तो अल्बम. या अल्बमवर 'इन्कार्सरेटेड स्कारफेसेस' आणि 'नॉलेज गॉड' ही गाणी रेक्वॉननं एकट्यानं पेलली आहेत. ज्यांना त्याच्या कुवतीबद्दल शंका असेल त्यांनी ती दोन आधी ऐकावीत. तो एकटा उभा राहू शकतो हे सिद्धच आहे. बाकी ठिकाणी पाहुणे आहेत ते त्याला हवे होते म्हणून.

याच्या उलट टोकाचीही उदाहरणं आहेत. नाझ या रॅपरचा १९९४ चा पहिला अल्बम 'इल्मॅटिक' या कलेतला मानदंड समजला जातो. त्यावर पाहुणा रॅपर फक्त एक, एझी. जे. कोलनं २०१४ मध्ये एकही पाहुणा न घेता अल्बम काढला आणि तो लाखोंनी खपला. त्याचे चाहते ते अजून अभिमानानं सांगतात. दोन्ही रीती मोठ्या आहेत. पाहुण्यांच्या संख्येवरून अल्बमचा दर्जा ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

'मोठं नाव घेतलं की खप वाढतो, एवढाच हेतू ना?'

अनेकदा असतो, हे मान्य करायलाच हवं. कंपनी सांगते, अमुक गाजलेला माणूस घ्या. तो कुठल्या तरी स्टुडिओत बसून व्हर्स पाठवतो, दोघांची भेटही होत नाही, आणि ऐकताना ते कळतं. विषय एक, पाहुणा भलतंच बोलतोय. असे अल्बम ढिगानं आहेत आणि ते लवकर विसरले जातात.

पण रेक्वॉनच्या अल्बमवर वू-टँगच्या गोटाबाहेरचा रॅपर एकच आहे, तो म्हणजे वर उल्लेख केलेला नाझ. 'व्हर्बल इंटरकोर्स' हे ते गाणं. त्यात पहिली व्हर्स नाझची आहे, मग रेक्वॉन, मग घोस्टफेस. बाहेरच्या माणसाला, तोही त्या काळचा सर्वांत चर्चेतला शब्दकार, आपल्या अल्बमवर पहिलं बोलू द्यायचं आणि मग त्याच्यामागून आपण यायचं, याला हिंमत लागते. तिघांचंही तिथलं लेखन विलक्षण आहे, आणि ते तसं झालं कारण तिघेही एकमेकांना ऐकवायला लिहीत होते.

दुसरा पाहुणा कॅपाडोना, हा वू-टँगच्या गोटातलाच. १९९५ मध्ये त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, म्हणजे खप वाढवायला त्याचा काहीच उपयोग नव्हता. 'आइसक्रीम' या गाण्यात त्याला जागा मिळाली. पुढच्या वर्षी घोस्टफेसचा पहिला सोलो अल्बम आला, त्याच्या मुखपृष्ठावर रेक्वॉन आणि कॅपाडोना या दोघांची नावं होती. १९९८ मध्ये कॅपाडोनाचा स्वतःचा अल्बम आला.

ही वाट वू-टँगच्या आधीही होती. लॉस एंजेलिसच्या डॉ. ड्रेचा पहिला सोलो अल्बम डिसेंबर १९९२ चा. त्यावर स्नूप डॉग हा नवखा मुलगा बहुतेक गाण्यांत आहे. वर्षभरात स्नूपचा स्वतःचा अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर पोचला. ऐकणाऱ्यांना तो आधीच घरचा झाला होता.

'गुन्हेगारीचं कौतुक कशाला ऐकायचं?'

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. या अल्बमवर अमली पदार्थांचा धंदा आहे, बंदुका आहेत, इटालियन माफियाची उसनी नावं आहेत. काही ठिकाणी कौतुक आहेच. 'आइसक्रीम'मध्ये बायकांबद्दल जी भाषा आहे ती मला पटत नाही, आणि चाल कितीही लाघवी असली तरी ते सांगायला हवं.

पण पाहुण्यांमुळे काय होतं ते पाहा. 'रेनी डेज' या गाण्यात ब्लू रास्पबेरी ही गायिका आहे. रेक्वॉन आणि घोस्टफेस पैशाची स्वप्नं मांडत असतात आणि ती गाते ते घरी थांबलेल्या बाईचं: पाऊस पडतोय, माझा माणूस बदलत चाललाय, त्याचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. त्या दोघांच्या तोंडून हे कधीच आलं नसतं. ऐंशीच्या दशकात क्रॅक या अमली पदार्थानं न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्या पोखरल्या. ही पोरं त्यातच वाढली. धंद्याची झिंग आणि त्या धंद्यानं घराचं केलेलं नुकसान, दोन्ही एका गाण्यात मावतं ते तिसऱ्या आवाजामुळे. मुलांना हा अल्बम ऐकू देऊ नये असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मोठ्यांनी तो न ऐकताच बाद करावा, हे मात्र मला मान्य नाही.

पैसा आणि श्रेय

पाहुण्याला पैसे कसे मिळतात? कधी एकदाच ठरलेली रक्कम, कधी विक्रीतला वाटा, आणि मित्रांमध्ये तर साटंलोटं: आज तू माझ्या गाण्यावर, उद्या मी तुझ्या. पण एका गाण्यात हक्क दोन प्रकारचे असतात हे कळलं की बराच गुंता सुटतो. एक हक्क ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे प्रत्यक्ष वाजणाऱ्या आवाजाचा. तो सहसा कंपनीकडे असतो. दुसरा रचनेचा, म्हणजे शब्द आणि संगीताचा, तो लिहिणाऱ्यांचा. पाहुण्यानं स्वतःची व्हर्स लिहिलेली असल्यामुळे तो गीतकारही ठरतो, आणि गाणं जिथे जिथे वाजेल तिथे रचनेच्या मानधनात त्याचा हिस्सा लागतो. प्रोड्यूसरचाही लागतो. बीटमध्ये सॅम्पल असेल तर त्या जुन्या गाण्याच्या मालकांचाही. बिझ मार्की या रॅपरनं परवानगी न घेता एका जुन्या गाण्याचा तुकडा वापरला म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयानं १९९१ मध्ये त्याच्याविरुद्ध निकाल दिला. तेव्हापासून सॅम्पलची परवानगी घेणं हा अल्बमच्या खर्चातला मोठा भाग झाला.

श्रेय लिहून ठेवलं नाही तर काय होतं याचं उदाहरण लॉरिन हिल या अमेरिकन गायिका-रॅपरचं. तिचा १९९८ चा पहिला सोलो अल्बम ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. हिपहॉपला, म्हणजे रॅप ज्यात मोडतं त्या संगीतप्रकाराला, तो मान पहिल्यांदाच मिळाला. कार्लोस सँटाना, मेरी जे. ब्लाइज, डीअँजेलो असे पाहुणे त्यावर आहेत आणि त्यांची नावं नीट छापलेली आहेत. पण 'न्यू आर्क' या गटातल्या संगीतकारांनी दावा लावला की गाणी रचण्यात आमचाही हात होता, तो नोंदवलाच नाही. पुढे २००१ मध्ये तडजोड झाली. तिच्या प्रतिभेबद्दल मला शंका नाही. पण गाजलेल्या पाहुण्याचं नाव कधी राहून जात नाही, राहतं ते खोलीत बसून साथ करणाऱ्याचं.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकार आणि संगीतकारांचा मानधनातला समान वाटा पक्का केला आहे. करारात लिहून घेऊनही कंपनीला तो काढून घेता येत नाही. आपल्याकडे रॅप लिहिणाऱ्या प्रत्येक पोरानं, पाहुणा म्हणून चार ओळी लिहिल्या असतील तरी, हे माहीत करून घ्यावं. गाणं प्रसिद्ध होण्याआधी कोणाचा किती वाटा हे कागदावर लिहावं आणि सगळ्यांनी सह्या कराव्यात. मैत्री आहे म्हणून हे टाळू नये.

नाझ मुंबईत पोचतो

रेक्वॉनच्या गाण्यात पहिली व्हर्स बोलणारा नाझ पुढे आपल्या दारापर्यंत आला. अंधेरीच्या जे. बी. नगरमध्ये वाढलेला डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या रॅपरांनी २०१५ मध्ये 'मेरे गली में' हे गाणं केलं, तेही दोघांचंच. त्यांच्या जगावरून प्रेरणा घेतलेला 'गली बॉय' हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. नाझ त्याचा कार्यकारी निर्माता होता, आणि त्यातल्या एका गाण्यात डिव्हाइन आणि नेझीसोबत त्याचीही व्हर्स आहे. त्याच वर्षी नाझच्या 'मास अपील' कंपनीची भारतीय शाखा सुरू झाली. तिनं डिव्हाइनशी करार केला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा पहिला अल्बम 'कोहिनूर' आला.

रेक्वॉनचा अल्बम आला तेव्हा अमेरिकेतल्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होता. दहा लाखांचा टप्पा ओलांडल्याचं प्रमाणपत्र त्याला २०२० मध्ये मिळालं, म्हणजे पंचवीस वर्षांनी. ऐकायचा असेल तर गाण्यांचा क्रम बदलू नका, शफल बंद ठेवा. भाषा अवघड आहे. स्टॅटन आयलंडच्या गल्लीतली बोली अमेरिकेतल्याही अनेकांना पहिल्या झटक्यात कळत नाही. पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका. आवाज कुठे बदलतो, घोस्टफेस कुठे शिरतो आणि रेक्वॉन त्याला कुठे थांबवतो, तेवढंच ऐका. शब्द दुसऱ्या खेपेला.